देवाला धार काढायला उठवणारा कवी

'काउबॉय कवी' हे दोन शब्द शेजारी शेजारी वाचले की आधी हसूच येतं. काउबॉय म्हणजे घोडा, मोठी टोपी, कमरेला पिस्तूल आणि सिगारेटची जाहिरात. हा गडी कविता कधी करणार? पण अमेरिकेत काउबॉय कविता ही चांगली दीडशे वर्षांची परंपरा आहे. तिकडचं यादवी युद्ध १८६५ साली संपलं आणि त्यानंतर टेक्सासमधून गुरांचे प्रचंड कळप कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनांपर्यंत हाकत न्यायचा धंदा जोरात आला. महिना-दोन महिने वाट चालायची. रात्री गुरं बुजून उधळू नयेत म्हणून पहाऱ्यावरचा माणूस घोड्यावर बसून गुणगुणत राहायचा. ही गाणी जॉन लोमॅक्स नावाच्या माणसाने गोळा करून १९१० मध्ये छापली, आणि 'गुराख्यांनाही कविता करता येते' हे शहरी अमेरिकेला कळलं.

या परंपरेतला अलीकडचा सगळ्यात लोकप्रिय माणूस म्हणजे बॅक्स्टर ब्लॅक. जन्म १९४५, मृत्यू जून २०२२. शिक्षणाने गुरांचा डॉक्टर. बरीच वर्षं मोठ्या पशुपालन कंपन्यांत नोकरी केली, गोठ्यात उभं राहून इंजेक्शनं दिली, अडलेली वासरं ओढून काढली, लाथा खाल्ल्या. आणि मग १९८०च्या दशकात नोकरी सोडून चक्क कविता म्हणत गावोगाव फिरायला लागला! नेवाडा राज्यातल्या एल्को गावात १९८५ च्या जानेवारीत काउबॉय कवींचं पहिलं मोठं संमेलन भरलं, तिथून या प्रकाराला पुन्हा बहर आला. १९८८ साली यलोस्टोनच्या जंगलात वणवे लागले तेव्हा ब्लॅकने त्यावर एक कविता तिथल्या सार्वजनिक रेडिओला पाठवली. त्यांनी ती लावली, आणि पुढची वीसेक वर्षं तो रेडिओवर बोलत राहिला. त्याच्या कवितेत नायक नसतोच. असते एक आडमुठी गाय आणि तिच्यापुढे हरलेला माणूस. घरी ना टीव्ही ना मोबाईल, आणि तरी शंभरावर वर्तमानपत्रांत त्याचं सदर छापून यायचं.

मी त्याच्याबद्दल वाचलं तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात किडा होऊन बसला. गाई-म्हशी काय फक्त अमेरिकेत आहेत? आपण तर साक्षात गोपाळाला देव मानणारे लोक. 'गोपाळ' या शब्दाचं इंग्रजी भाषांतर केलं तर 'काउबॉय'च्या फार लांब जात नाही. मग आपल्याकडे असा कोणी झाला का, की ज्याचा धंदा गुरांचा, ज्याच्या अंगाला खरोखरचा गोठ्याचा वास, आणि तरी जो लोकांपुढे उभा राहून कविता करायचा?

झाला ना. आणि त्याचं गाणं तुम्ही-आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. फक्त ते गवळ्याचं आहे हे आपण विसरलोय.

'घनश्याम सुंदरा' ही भूपाळी माहीत नाही असं मराठी घर विरळा. आकाशवाणीवर सकाळी लागायची, आईच्या-आजीच्या तोंडी असायची, आता मोबाईलवर गजर म्हणूनही लावलेली मी ऐकली आहे. ही भूपाळी होनाजीच्या नावावर आहे. होनाजी सयाजी शिलारखाने. पेशवाईच्या अखेरच्या काळातला पुण्याचा शाहीर. जातीने गवळी, आणि घरचा धंदाही तोच, दुधाचा. शाहिरी घरात आजोबांपासून चालत आलेली. म्हणजे एका बाजूला दुधाचा रतीब आणि दुसऱ्या बाजूला लावणीचा फड, अशी ही दुहेरी वतनदारी!

'होनाजी बाळा' हे एका माणसाचं नाव असं पुष्कळांना वाटतं. ती जोडी आहे. होनाजी रचायचा आणि त्याचा साथीदार बाळा कारंजकर गायचा. दोघांची नावं अशी चिकटली की दोनशे वर्षं झाली तरी सुटली नाहीत. (शंकर-जयकिशनच्या किती आधी!) ढोलकीच्या कडकडाटातली लावणी बैठकीत आणायची, ढोलकीच्या जागी तबला घ्यायचा आणि रागदारीच्या अंगाने गायची, याचं श्रेय होनाजीला देतात. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात त्याला मान होता, वर्षाला ३०० रुपये मिळत असं सांगतात. बाजीरावाची कारकीर्द १७९६ ते १८१८. राज्य बुडत होतं आणि लावणी बहरत होती, असा तो काळ.

त्या काळातल्या शाहिरांची यादी नुसती धंद्यांच्या अंगाने वाचून बघा, मजा येते. सगनभाऊ शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारा, धर्माने मुसलमान. परशराम शिंपी. होनाजी गवळी. राम जोशी आणि अनंत फंदी ब्राह्मण, त्यातला फंदी संगमनेरचा, तिरकस बोलण्याबद्दल प्रसिद्ध. कीर्तनकारांनी, शास्त्र्यांनी नाकं मुरडली तरी फडावर हे सगळे एका पंक्तीला. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात म्हणतात ना, की डिग्री कुठली ते राहू दे, तुझा कोड चालतो का दाखव. फडावरही तोच न्याय. सवालाला जवाब आला पाहिजे, बस्स.

आता पुन्हा त्या भूपाळीकडे येतो, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यात आहे.

भूपाळी म्हणजे देवाला जागं करण्याचं गाणं. बहुतेक भूपाळ्यांत देवाला उठवायचं कारण काय असतं? भक्त दारात उभे आहेत, दर्शन दे, आरती व्हायची आहे. होनाजीच्या भूपाळीत कारण वेगळं आहे. अर्थ नीट लावून ऐका. रात्र सरली, गाई हंबरताहेत, भांडं घे आणि धार काढ, असं तो देवाला सांगतोय! वासरं पिण्यासाठी वाट बघताहेत. पाखरं चरायला उडून गेली. यात्रेकरू वाटेला लागले. गोपींनी सडासारवण उरकलं आणि घागरी काखेत घेऊन त्या यमुनेवर पाण्यालाही निघाल्या. तू दहीभात खाऊन घे.

म्हणजे सगळं जग कामाला लागलंय आणि अंथरुणात कोण? तर जगाचा मालक!

हे हसू मोठ्याने येत नाही. पण एकदा कळलं की प्रत्येक वेळी येतं. कुठल्याही गवळ्याच्या घरात पहाटे थोरल्या पोराला जसं उठवत असतील, तसं हा देवाला उठवतोय. 'अरे ऊठ, गाई ओरडायला लागल्या.' वर शेवटी देवाच्या मुखावरच्या तेजाची स्तुती आहेच, भक्तीत काही कमी नाही. पण भक्ती आहे ती गोठ्यातल्या माणसाची.

आणि त्यातली वासरं उगाच यमक जुळवायला आलेली नाहीत. आपल्याकडची गाय-म्हैस मशीनसारखी बटण दाबलं की दूध देत नाही. आधी वासरू सोडायचं. त्याने चार ढुसण्या दिल्या, थोडं प्यायलं की आई पान्हा सोडते. मग वासरू बाजूला बांधायचं आणि धार काढायला बसायचं. आता आपण म्हणतो की वासराच्या स्पर्शाने गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि सडांत दूध उतरतं. गवळ्याला ते नाव माहीत असायची गरज नव्हती. धार काढायची वेळ टळली की कास ताठते, जनावर कासावीस होतं आणि हंबरतं, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून त्याच्या पहाटेत कोकिळेच्या आधी गाईचा आवाज आहे. राजवाड्यातल्या कवीने पहाट लिहिली असती तर तिच्यात चौघडा वाजला असता.

बॅक्स्टर ब्लॅक आणि होनाजी इथे मला शेजारी बसलेले दिसतात. दोघांमध्ये पावणेदोनशे वर्षं आणि अर्धी पृथ्वी आहे, आणि दोघांच्या परंपरा एकमेकींना ओळखतही नाहीत. ब्लॅकची गुरं मांसाची, होनाजीच्या घरचा धंदा दुधाचा. पण दोघांनाही एक गोष्ट माहीत आहे: जनावराला तुमच्या मोठेपणाशी काही देणंघेणं नसतं. डॉक्टर असाल, साहेब असाल किंवा भगवान श्रीकृष्ण असाल, वेळ झाली की उठायचं. गुरांच्या सहवासातल्या माणसाचा विनोद इथून येतो.

थट्टा हा होनाजीच्या काळच्या तमाशाचा प्राणच होता, आणि गंमत म्हणजे तमाशातल्या थट्टेची हक्काची जागा दुधाच्या धंद्यावरच उभी आहे. गण झाला की गौळण येते. गवळणी दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या. वाटेत कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या त्यांना अडवतात आणि जकात मागतात. गवळणींबरोबर एक मावशी असते, म्हणजे पदर घेतलेला पुरुषच. मग पेंद्या आणि मावशीची जी जुंपते, तिला लिहिलेली संहिता नसते. त्या त्या गावचा सरपंच, त्या त्या वर्षाचा दुष्काळ, रॉकेलची रांग, टोलनाका, सगळं त्या जकातीच्या भांडणात येतं. मथुरेच्या वाटेवर उभं राहून लोक आपल्या तहसीलदाराला हसून घेतात.

आता विचार करा. बाकीच्या शाहिरांना गौळण म्हणजे पुराणातला प्रसंग. होनाजीला? त्याच्याच घरचा व्यवहार. दूध घेऊन बाजाराला जाणं, वाटेतली अडवणूक, उधारी, माप, गिऱ्हाईकाची कुरकूर. गवळणीचं सोंग दुसऱ्यांनी घ्यायचं आणि खरा गवळी मात्र कवन रचणारा, असा हा उलटा मामला.

आमच्या रायगड जिल्ह्याला तर हे सगळं परकं वाटायला नको. जिल्ह्याचं नाव ज्या किल्ल्यावरून पडलं त्या किल्ल्याची सगळ्यात लाडकी गोष्ट राजाची नाही, गवळणीची आहे. हिरकणी. गडावर दूध विकायला गेली, संध्याकाळी दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं बाळ म्हणून कडा उतरून गेली. इतिहास किती, दंतकथा किती, हा वाद बाजूला ठेवू. पण बुरुजाला नाव दूध विकणाऱ्या बाईचं राहिलं हे खरं. पेणहून रोह्याकडे आणि पुढे सुधागडाच्या बाजूला गेलात तर डोंगराच्या अंगाखांद्यावर गवळी-धनगरांच्या वाड्या अजून आहेत. आम्हा रामवाडीकरांचं दूध मात्र पिशवीतून येतं. पिशवी कातरीने कापताना गाय कुठे हंबरली हे कळायचा प्रश्नच नाही. आमची पहाट गजराने होते आणि गजर 'स्नूझ' करता येतो. गाईला स्नूझ नसतं!

तर मग एवढा मोठा माणूस गवळी म्हणून आपल्या आठवणीत का राहिला नाही?

माझ्या मते त्याचे दोन तुकडे झाले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि शाहिरांचा पुण्यातला मोठा आश्रय गेला. पुढे इंग्रजी शिकलेल्या पिढीला लावणी अश्लील वाटू लागली. पोवाडा चालला, कारण त्यात इतिहास होता. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅक्वर्थसाहेब आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा मोठा संग्रह छापला. (वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला नाव आहे तेच हे अ‍ॅक्वर्थ.) अ‍ॅक्वर्थने १८९४ मध्ये त्यातल्या काहींची इंग्रजी भाषांतरंही काढली. शाळिग्रामांनी लावण्याही जमवल्या म्हणून आज त्या आपल्याला वाचता येतात. लोमॅक्सने अमेरिकेत १९१० मध्ये जे केलं ते आपल्याकडे त्याआधीच झालं होतं, हे सांगायला मला बरं वाटतं.

पण छापलं जाणं वेगळं आणि मानलं जाणं वेगळं. होनाजीची भूपाळी देवघरात गेली, सोवळी झाली. त्याची लावणी फडावर राहिली, ओवळी ठरली. एकाच माणसाच्या रचना, पण एक म्हणताना हात जोडायचे आणि दुसरी ऐकताना इकडे-तिकडे बघायचं. आणि ज्या गोठ्यातून दोन्ही निघाल्या तो गोठा दोन्हीकडून गायब. अमेरिकेत काउबॉय कवीला स्टेजवर बोलावतात ते तो काउबॉय आहे म्हणूनच. आपण गाणं ठेवून घेतलं आणि गवळ्याला दारातूनच परत पाठवलं, दूध ओतून घेऊन पाठवतात तसं.

त्याला परत आणला तो सिनेमाने. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती, पुढे ती उठली आणि संहिता तपासण्याची व्यवस्था आली. त्याच सुमारास व्ही. शांताराम शाहिरांवर सिनेमे काढत होते. 'लोकशाहीर रामजोशी' १९४७ चा, आणि होनाजीवरचा 'अमर भूपाळी' १९५१ चा. पंडितराव नगरकर होनाजी झाले, संध्याचा हा पहिला सिनेमा, संगीत वसंत देसाईंचं. १९५२ च्या कान महोत्सवात तो स्पर्धेत होता आणि त्याच्या ध्वनिमुद्रणाला तिथे बक्षीस मिळालं. 'लटपट लटपट' ही होनाजीची लाडिक, थट्टेखोर लावणी आणि 'घनश्याम सुंदरा' ही भूपाळी एकाच सिनेमात, लताबाईंच्या आवाजात. दोन तुकडे पुन्हा जोडले गेले, निदान दोन तास तरी.

पण नावात बघा काय उरलं. 'अमर' झाली ती भूपाळी.

आणखी एक योगायोग सांगतो. मुंबईच्या भरवस्तीतले गोठे हलवण्यासाठी गोरेगावला आरेची दूध वसाहत उभी केली, तिचं पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं तेही १९५१ मध्येच. म्हणजे ज्या वर्षी पुण्याचा गवळी पडद्यावर आला, त्याच वर्षी मुंबईच्या म्हशींना गावाबाहेर रस्ता दाखवण्याचं काम सरकारी पातळीवर सुरू होतं. स्वच्छता, भेसळ, रोगराई, सगळी कारणं रास्त होती. दूध सगळ्यांना मिळालं हे चांगलंच झालं. पण शहराची पहाट आणि गाय यांचा संबंध तिथून सुटत गेला, आणि त्याबरोबर त्या भूपाळीतला विनोदही आपल्याला कळेनासा झाला. ज्याने कधी गाय वेळेवर न पिळल्याचा गोंधळ बघितला नाही, त्याला 'धार काढ' ही फक्त एक सुंदर कविकल्पना वाटते. होनाजीला ती रोजची सूचना होती.

आमच्या क्षेत्रात कुणाचा मोफत दिलेला प्रोग्रॅम वापरायचा तर एक साधा नियम असतो. वरची ओळ काढायची नाही. ज्याने लिहिलं त्याचं नाव फाईलच्या माथ्यावर राहू द्यायचं. शाहिरांनाही ही अक्कल होती. ते नाव माथ्यावर न लिहिता शेवटच्या कडव्यात गुंफायचे, नाममुद्रा म्हणून, म्हणजे कुणी सहज खोडू शकत नाही. होनाजीचंही नाव त्या भूपाळीच्या शेवटी आहे. पण सकाळी डबे भरण्याच्या घाईत शेवटच्या कडव्यापर्यंत कान कोण देतो?

आणि नाव उरलं तरी धंदा उरतोच असं नाही. तुकारामाचं दुकान, चोखोबाचं काम, सावत्याचा मळा, बहिणाबाईंचं शेत हे आपण त्यांच्या शब्दांबरोबर लक्षात ठेवलं, कारण त्यांनी ते स्वतःच उघड सांगितलं. होनाजीने आपला धंदा देवाच्या गळ्यात घातला आणि स्वतः मागे उभा राहिला. म्हणून त्या भूपाळीत आपल्याला कृष्ण दिसतो, गवळी दिसत नाही. पण सकाळचं एवढं बारीक वेळापत्रक, आधी गाय, मग वासरू, मग पाणी, मग न्याहारी, हे कुणाच्या घरचं असणार, तुम्हीच सांगा.

मराठीत विनोदी कवितेचा इतिहास सांगायचा तर आपण फंदीच्या फटक्यावर थांबतो, मग एकदम केशवकुमारांच्या 'झेंडूच्या फुलां'वर उडी मारतो, आणि तिथून रामदास फुटाण्यांच्या वात्रटिकांवर. माझं म्हणणं इतकंच की त्या रांगेत, जरा कडेला का होईना, या गवळ्यालाही जागा द्या. आपल्या परंपरेत देवाशी भांडणारे, रुसणारे, त्याला शिव्या देणारे पुष्कळ आहेत. त्याला उशिरा उठतो म्हणून कामावरून हळूच टोकणारा मात्र हा एक मला सापडला.

जाता जाता एक: पहिल्याच कडव्यात उदयाचलावर 'मित्र' आल्याचं म्हटलंय. पुष्कळांना वाटतं की कृष्णाचा कुणी दोस्त हाक मारायला आलाय. मित्र म्हणजे तिथे सूर्य. अर्थात पेंद्याच दारात आला असता तरी गाण्याचा मूड काही बदलला नसता!

उद्या सोमवार. आता गजर लावतो.